गरोदर स्त्रीची रक्ततपासणी आणि तिची संमती

गरोदरपणाची नोंदणी करायला आलेल्या स्त्रीच्या हातात तपासण्यांची चिठ्ठी पडते, तेव्हा हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर आणि लघवी यांच्याच रांगेत एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस या लैंगिक आजाराची चाचणी) आणि ‘ब’ प्रकारची कावीळ ही नावेही असतात. एका ग्रामीण रुग्णालयात मी 2008 पासून अकरा वर्षे समुपदेशक होते. समोर येऊन बसलेल्या बहुतेक जणींना आपले रक्त कशासाठी घेतले, हे ठाऊक नसे. ‘सिस्टर म्हणाल्या रक्त द्या, म्हणून दिलं,’ एवढेच उत्तर मिळे.

प्रत्येक गर्भवतीची तपासणी व्हावी, याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. उपचार मिळाले नाहीत तर आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता, स्तनपानाचा काळ धरून, 15 ते 45 टक्के असते आणि वेळेवर औषधे सुरू झाली तर ती 5 टक्क्यांच्याही खाली आणता येते. मी नोकरीला लागले तेव्हा प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर 72 तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचे सिरप, एवढाच उपाय आमच्या हाती होता. 1 जानेवारी 2014 पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आयुष्यभराची एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधे, देण्याचे धोरण आले आणि आमच्या कामाचे स्वरूपच पालटले. एका गोळीसाठी स्त्रीचा विश्वास नसला तरी कसेबसे निभावत असे. रोज, न चुकता, घरातल्या माणसांमध्ये राहून वर्षानुवर्षे गोळी घ्यायची, तर आपल्याला काय झाले आहे आणि औषध का घ्यायचे आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून पटलेले असावे लागते.

म्हणूनच संमतीचा मुद्दा मला कागदोपत्री वाटत नाही. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि चाचणीपूर्वीचे व नंतरचे समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे. माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा रीतीने द्यावी, असेही कायदा सांगतो. संमतीची गरज नसलेले प्रसंग सहाव्या कलमात मोजून दिले आहेत: न्यायालयाचा आदेश, अवयव व ऊतींचे दान, रक्तपेढीतील तपासणी आणि ओळख न ठेवता केलेले सर्वेक्षण. त्यात गरोदरपण नाही. तरीही ‘कंपल्सरी आहे, सही करा,’ हे वाक्य मी सहकाऱ्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकले आहे. चाचणी प्रत्येकीला सुचवावी, तिने नाकारली तर तिचे म्हणणे ऐकून पुन्हा समजवावे आणि तेवढ्यासाठी तिचे बाळंतपण अडवू नये, ही रीत कायद्याला धरून आहे.

सक्ती म्हणजे काय, हे आपल्या शेजारी गोव्याने पाहिले आहे. 1989 साली रक्तदान केलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, एचआयव्ही आहे एवढ्याच कारणावरून, तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे 64 दिवस एका ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात कोंडून ठेवले होते. असे काही कानावर आल्यावर कोण आपणहून रक्त तपासायला जाईल?

मला सलणारा प्रसंग नवा कायदा येण्यापूर्वीचा आहे. दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या एका तरुणीचा अहवाल कोणीतरी व्हरांड्यातच, तिच्या सासूच्या देखत, मोठ्याने वाचून दाखवला. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या, तर दाराला कुलूप होते. तिचे बाळंतपण कुठे झाले, बाळाला सिरप मिळाले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

घरात पहिली तपासणी बहुधा सुनेचीच होते, कारण गरोदरपणामुळे दवाखान्याची पायरी तीच आधी चढते. आणि ज्याचे निदान आधी होते, त्यानेच आजार आणला असे घरचे धरून चालतात. नवऱ्याने आयुष्यात कधी रक्त तपासलेले नसते. या दृष्टीने मला नववे कलम सर्वांत मोलाचे वाटते. जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला आहे आणि तीही बाधित व्यक्तीला आधी समुपदेशन करून, ती स्वतः सांगणार नाही याची खात्री झाल्यावर आणि आपण सांगणार आहोत हे तिला कळवूनच. स्त्रीला मारहाण होईल किंवा तिला टाकून दिले जाईल, अशी रास्त भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगायचेच नाही, असे हे कलम बजावते. हे लिहिणाऱ्याने आपली घरे जवळून पाहिली असावीत.

मात्र हे सारे संरक्षण फक्त एचआयव्हीपुरते आहे. त्याच सुईने घेतलेल्या रक्तातून सिफिलिस निघाला तर तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, पण नवऱ्याचेही उपचार झाले नाहीत तर तिला पुन्हा लागण होऊ शकते. ‘ब’ कावीळ निघाली तर बाळाला जन्मापासून 24 तासांच्या आत लस द्यावी लागते. दोन्हींचे निदान घरात तितकाच संशय पेरते आणि या आजारांसाठी संमतीचे किंवा गुप्ततेचे असे स्वतंत्र कलम या कायद्यात नाही. संमतीचे पाचवे, निदान गुप्त ठेवण्याचे आठवे आणि जोडीदाराला सांगण्याबाबतचे नववे ही तिन्ही कलमे गर्भवतीच्या या दोन तपासण्यांनाही लागू करावीत, अशी माझी मागणी आहे. त्यासोबत समुपदेशकांची संख्या वाढवावी लागेल. दर महिन्याच्या 9 तारखेला मातृत्व अभियानाच्या दिवशी आमच्या खोलीबाहेर 60-70 जणी उभ्या असत, आत मी एकटी असे आणि खोलीच्या दाराला कडीसुद्धा नव्हती.