राहिल्यानं भाषा येत नाही

"इतकी वर्षं वाळूजला राहतात, मराठी का येत नाही? राहिलं की भाषा येतेच. येत नाही म्हणजे माज आहे." गावाकडं कुणाशीही बोला, लातूर असो की संभाजीनगर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या परप्रांतीय कामगारांबद्दल हे वाक्य कानावर पडतंच. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला आणि जून संपता संपता मागं घेतला गेला. पहिलीच्या लेकरावर तिसरी भाषा लादायला माझाही विरोध होता आणि आहे. पण त्या गदारोळातून कारखान्यातल्या परप्रांतीय कामगाराकडं बोट वळलं ते अजून खाली आलेलं नाही. "राहिलं की येते" हे तर मला सहनच होत नाही, कारण मी राहते त्या बार्सिलोनात ते रोज खोटं ठरताना दिसतं. इथल्या रावाल वस्तीत पंधरा-वीस वर्षं दुकान चालवणारी आपल्याच उपखंडातली माणसं आहेत. त्यांची स्पॅनिश वस्तूच्या किमतीपाशी आणि 'उद्या या'पाशी थांबते. त्यांना माज नाही. दिवसाचे बारा तास गल्ल्यावर जातात आणि शिकायला तास उरत नाहीत, एवढंच.

भाषेला तास लागतात, हे स्पॅनिश शिकवणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखलं. माद्रिदची पहिली सरकारी भाषाशाळा १९११ ची. आज अशा 'एस्क्वेला ओफिसियाल' देशभर आहेत, बार्सिलोनाची द्रासानेसला आहे. भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात. शून्यापासून ए२ पर्यंत पोचायला साधारण दीडशे ते दोनशे तासांची शिकवणी धरतात, आणि ए२ म्हणजे दवाखाना, बँक, घरमालक यांच्याशी निभावण्यापुरती भाषा. सरकारी शाळेत फी कमी, पण वर्ग ठरलेल्या वेळीच सुरू होतात, जागा थोड्या असतात आणि नोंदणीची तारीख चुकली की कित्येक महिने जातात. खासगी शाळेत दर सोमवारी प्रवेश मिळतो, फक्त अगदी नवख्यांच्या तुकड्या ठरलेल्या तारखांनाच निघतात. सगळीकडं 'आठवड्याला वीस तास' असं लिहिलेलं असतं, पण एक तास कुठं पंचेचाळीस मिनिटांचा असतो तर कुठं पंचावन्न. वीस पंचेचाळिशी म्हणजे पंधरा घड्याळी तास, वीस पंचावन्नी म्हणजे अठरा तास वीस मिनिटं. दोन शाळांची फी ताडून बघताना मिनिटं मोजावीत. तुकडीत माणसं किती, हेही विचारावं. आठ-दहाच्या वर गेली की बोलायची पाळी येईस्तोवर तास संपतो.

प्रवेशाआधी पातळी ठरवायची चाचणी होते: गाळलेल्या जागा, मग पाच-दहा मिनिटं तोंडी. स्पॅनिश शिकायला आलेली आपली मुलं घोटाळ्यात सापडतात ती इथं. गाळलेल्या जागा भरण्यात आपला हात लहानपणापासून बसलेला. कागदावर बी१ दिसतं, बोलणं ए१ चंच असतं. वरच्या तुकडीत बसवलं की मूल गप्प होतं, आणि गप्प बसलेल्याला भाषा येत नाही. अशा वेळी पहिल्या दोन दिवसांतच खालची तुकडी मागून घ्यावी. आठवडा उलटला की पुस्तक विकत घेतलेलं असतं, ओळखी झालेल्या असतात, आणि मग कुणीच हलत नाही.

दुसरी अडचण इंग्रजीची. स्पॅनिश इंग्रजीतून शिकायची असते अशी आपल्याकडं समजूत आहे, आणि ती नुकसान करते. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', ही रचना इंग्रज विद्यार्थ्याला आठवडाभर छळते. आपण 'मला कॉफी आवडते', 'मला कुत्रे आवडतात' म्हणतो, क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणं चालतं. तिथंही तसंच: 'मे गुस्ता एल काफे', 'मे गुस्तान लोस पेर्रोस'. आपण 'घर बघितलं' म्हणतो पण माणूस आला की 'मारियाला बघितलं', आणि स्पॅनिशही माणसाच्या आधी एक 'आ' लावते. आज सकाळी केलंय, काल केलं, लहानपणी करायचो, ही तीन भूतकाळांची विभागणी स्पेनच्या स्पॅनिशमध्ये जवळपास जशीच्या तशी आहे. 'तू यावंस' हे आपलं रूप बी१ ला भेटणाऱ्या, इच्छा-अपेक्षा सांगणाऱ्या क्रियारूपांच्या अवघड धड्याची निम्मी वाट मोकळी करतं. त, द तर आपलेच. स्पॅनिशमधला घशातला 'ख़' दखनी ऐकत वाढलेल्या नांदेड-परभणीच्या पोराला शिकवावा लागत नाही. मराठी माणूस खरा अडतो तो 'सेर' आणि 'एस्तार'पाशी, कारण आपल्याकडं दोन्हींना एकच 'आहे' आहे. तिथं जास्तीचे तास द्यावेत, बाकी ठिकाणी मराठीच्या खांद्यावर हात ठेवून बिनधास्त चालावं.

राहायला स्थानिक कुटुंब निवडलं तर रोज जेवणाच्या टेबलावर बोलण्याचा तास फुकट मिळतो. मात्र शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस खात नाही' म्हणून भागत नाही. हॅम आणि ट्यूना कित्येक घरांत मांसात धरत नाहीत. हॅम, कोंबडी, मासे, ट्यूना अशी एकेकाची नावं आधीच लिहून द्यावीत.

कागदावर येणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं, हा मुद्दा परीक्षेतही पुढं येतो. स्पॅनिशच्या प्रसारासाठी असलेल्या सर्व्हांतेस संस्थेच्या 'देले' या भाषापरीक्षेत ए२ ला दोन गट असतात: वाचन-लेखन एक, ऐकणं-बोलणं दुसरा. प्रत्येक गटात पन्नासपैकी तीस हवेतच. वाचन-लेखनात अठ्ठेचाळीस आणि दुसऱ्या गटात अठ्ठावीस पडले तर बेरीज शहात्तर होऊनही माणूस नापास. पाठांतरावर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यानं म्हणून पहिल्या दिवसापासून कान आणि तोंड धरावं. वर्गातल्या मधल्या सुट्टीत इंग्रजी बोललात तर पैसे दिलेले तास वाया घालवता.

वर्गाबाहेर मात्र समोरचे लोक इंग्रजीवर येतात. बार्सिलोनाच्या मध्यवस्तीत तुम्ही अडखळलात की कॅफेवाला लगेच भाषा बदलतो. कतालान, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रदेशाची स्वतःची भाषा, तिची गत आणखी वाईट, चेहरा परका दिसला की कतालान माणूस आपणहून स्पॅनिशवर जातो. कतालान लोकांनी हे दुखणं ओळखलं. कतालानचे सुरुवातीचे वर्ग फुकट आहेत, आणि शिकणाऱ्याला एका स्वयंसेवकाशी जोडून देतात: आठवड्याला एक तास, असे दहा तास नुसत्या गप्पा, दुसरी भाषा न वापरता. सोबत कतालान बोलणाऱ्या स्थानिकांना सांगणंही चालू असतं की परक्यासमोर तुम्ही भाषा बदलू नका.

आता वाळूजला या. बिहारचा कामगार दुकानात येतो, त्यानं तोंड उघडायच्या आत आपण "क्या चाहिए?" विचारतो. रिक्षात, दवाखान्यात, खोलीचं भाडं ठरवताना, सगळीकडं आपणच पहिल्या वाक्याला हिंदीवर जातो आणि दहा वर्षांनी त्याला माज ठरवतो. त्याच्याशी मराठी कोण बोललं? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. शाळांत मराठी सक्तीचा कायदा २०२० चा, तोही हवाच. पण पाळी सुटल्यावर मोठ्या माणसानं जाऊन बसावं असा, पातळी ठरलेला मराठीचा वर्ग वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींत सहज सापडायला हवा, आणि तो सापडत नाही.

शिवाय शिकलाच कुणी तर त्याच्या मराठीला आपण हसतो. असं हसणं पुण्याकडून आपणही पुष्कळ सोसलेलं आहे. 'काय करायलास', 'येऊ लालो' म्हटलं की मराठवाड्याची भाषा अशुद्ध. 'देले'त मेक्सिकोची स्पॅनिश चालते, अर्जेंटिनाची चालते, ऐकण्याच्या भागात वेगवेगळे उच्चार मुद्दाम येतात, आणि माद्रिदचा परीक्षक त्यात कुणाला कमी लेखत नाही. ए१ च्या वर्गात शिक्षिका प्रत्येक चूक दुरुस्त करत नाही, वाक्य पुरं होऊ देते. 'मी गेली होता' म्हणणाऱ्या कामगाराचंही वाक्य पुरं होऊ द्यावं.

मी हे इतक्या तावातावानं लिहिते त्याला कारण आहे. इथं माझी मराठी कुणाला लागत नाही. भारतीयाला इथल्या नागरिकत्वासाठी दहा वर्षांचा कायदेशीर मुक्काम लागतो, लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला दोन. ए२ चं प्रमाणपत्र लागतं, शिवाय पंचवीस प्रश्नांची एक परीक्षा, पंधरा बरोबर आले की पास. हे सगळं करता येतं. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा शेवटी आपला पासपोर्ट परत करावा लागतो. तो अर्ज भरायला माझा हात होत नाही. आणि मराठीच्या वादात बोलायला गेलं की गावाकडं म्हणतात, तुम्ही तर निघून गेलात, तुम्हाला काय अधिकार. माझी लेक मराठी सगळी समजते आणि उत्तर कतालानमध्ये देते. मराठी घरात राहूनसुद्धा तिला मराठी बोलता येत नाही. तिच्यासाठीही मला तासच द्यावे लागणार आहेत.

म्हणून वाळूजच्या वर्गाचा हिशेब मांडते. पहिली पातळी साठ तासांची धरू. आठवड्याला तीन दिवस, दीड-दीड तास, म्हणजे साडेचार तास. साधारण साडेतेरा आठवड्यांत पुरी. तुकडी बाराची. पहिले धडे व्याकरणाचे नकोत: रेशन, दवाखाना, गॅसची टाकी, खोलीमालक, एसटी. हिंदीवाल्याला शब्द निम्मे कळतात, तो अडतो नपुंसकलिंगापाशी आणि 'घर'चं 'घरात', 'शाळा'चं 'शाळेत' होतं तिथं. जास्तीचा वेळ तिथं द्यावा. शिक्षकानं हिंदी वापरायची नाही, खाणाखुणा चालतील. पाळ्या आठवड्याला बदलतात, त्यामुळं एकच धडा त्याच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी घ्यावा लागेल, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात निम्मी तुकडी गळते. संध्याकाळी झेडपीच्या शाळेची खोली मिळेल. सकाळी तिथं पोरं असतात, तेव्हा सकाळची तुकडी कंपनीच्या कँटीनमध्येच भरवावी लागेल.