पॅकिंग लिस्ट पाठवते, पण बॅग तुम्ही भरू नका

मंडळी, उन्हाळा जवळ आला की न्यू जर्सीतल्या मराठी पालकांकडून मला ठरलेला मेसेज येतो: "स्काउट समर कँपची पॅकिंग लिस्ट पाठव ना." पाठवते. स्लीपिंग बॅग, रेनकोट, हेडलॅम्प, पायाला बसलेले जुने बूट, लोकरीचे मोजे, पाण्याची बाटली, बग स्प्रे. टार्गेट या दुकानाची एक फेरी मारली की विषय संपतो. मी आमच्या ट्रूपची, म्हणजे स्थानिक स्काउट पथकाची, असिस्टंट स्काउटमास्टर आहे, म्हणजे बिनपगारी, फुल अधिकारी. लिस्टमधली एखादी वस्तू विसरली म्हणून कुणाचा आठवडा वाया गेलेला मी पाहिलेला नाही. घरच्यांची तयारी नव्हती म्हणून गेलेला मात्र दर वर्षी पाहते.

आपल्याकडे बॅग आई भरते. सोमवारचे कपडे एका झिपलॉकमध्ये, मंगळवारचे दुसऱ्या, वर मार्करने वार लिहिलेला. बघत राहावं असं काम. मग मंगळवारी रात्री दोनला पाऊस येतो. बऱ्याच कँपमध्ये जाड कॅनव्हासचे तंबू असतात, लाकडी फळ्यांच्या ओट्यावर उभारलेले, आत दोन खाटा आणि दोन मुलं. पुढची कनात बांधायची राहिलेली असते, खाटेच्या पायथ्याशी पाणी ठिबकत असतं, आणि अकरा वर्षांचा मुलगा अंधारात बॅगेपुढे उकिडवा बसून एकेक झिपलॉक चाचपत असतो. हेडलॅम्प बॅगेतच असतो. आतल्या चेनच्या कप्प्यात, आईने जपून ठेवलेला. फक्त ते ठाऊक असलेली आई एडिसनला घरी गाढ झोपलेली असते.

तेव्हा लिस्ट मुलाच्या हातात द्या, सामान हॉलमध्ये पसरा आणि तुम्ही सोफ्यावर बसा. तो भरेल. वाईट भरेल. कपडे कोंबेल, टॉवेल विसरेल. तुम्ही एवढंच विचारायचं: "दिवा नाही, पाऊस आलाय, रेनकोट काढायचाय, हात कुठे घालशील?" उत्तर आलं नाही तर बॅग पालथी करून पुन्हा भरायला लावा. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी सात दिवसांसाठी मोज्यांचे तीन जोड नेले आणि गुरुवारी स्वतः मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले. घरी तिने कधी रुमालही धुतला नव्हता. (हो, मुलींचे ट्रूपही आहेत, २०१९ पासून. आणि संस्थेचं नावही आता बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका राहिलेलं नाही, फेब्रुवारी २०२५ पासून ते स्काउटिंग अमेरिका झालंय. तरी लोक अजून 'बॉय स्काउट' म्हणतात, चालायचंच.)

आता खाऊ. लाडू-चिवड्याचा डबा तंबूत ठेवायचा नाही. उत्तर न्यू जर्सीत आणि पेनसिल्वेनियातल्या पोकोनोज डोंगरांत काळी अस्वलं आहेत, ही काही मुलांना घाबरवायची गोष्ट नव्हे. अस्वलाच्या आधी रॅकून आणि चिपमंक येतात. बेसनाच्या एका लाडवापायी चांगल्या महागड्या बॅगेला भोक पडलेलं मी पाहिलंय. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीने तो लाडू बॅगेच्या तळाशी लपवून ठेवलेला असतो, मुलाला पत्ताही नसतो! आजीला आधी नीट सांगा. डबा आमच्याकडे द्या, आम्ही तो बंदोबस्तात ठेवू आणि रात्री शेकोटीपाशी सगळ्या पॅट्रोलला, म्हणजे मुलांच्या तुकडीला, वाटू. शंकरपाळ्यांना अमेरिकन पोरांमध्ये भलतीच मागणी आहे.

जेवणाचा फॉर्म कँपच्या आधी काही आठवडे भरून द्यावा लागतो. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नका. अंडं चालतं का, ते लिहा. मांसाहारी असाल पण बीफ नको असेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण हॉट डॉग, स्लॉपी जो, टॅको, मीटबॉल या सगळ्यांत ते असू शकतं. शाकाहारी मुलाचा आठवडा ग्रिल्ड चीज आणि पास्त्यावर निघतो. निघू दे. आठवडाभर वरण-भात नाही मिळाला म्हणून कोणाचं वजन घटलेलं मी ऐकलं नाही.

फॉर्मवरून आठवलं. आरोग्याच्या फॉर्मचे तीन भाग असतात: ए, बी आणि सी. ७२ तासांपेक्षा मोठ्या कँपला सी लागतोच, आणि त्यावर तपासणी करून डॉक्टरांची सही लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या दहा वर्षांतलं असावं लागतं. शाळेच्या स्पोर्ट्स फिजिकलचा कागद घेऊन येऊ नका, स्काउटचा फॉर्म वेगळा आहे. जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाही, तेव्हा आजच फोन करा. औषधं मूळ बाटलीत, लेबलसकट. व्हिटॅमिनची गोळी, आजीचं चूर्ण, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, सगळं आम्हाला सांगायचं. इनहेलर आणि एपिपेन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) मात्र मुलाजवळच राहतात, ते कसे वापरायचे याचा सराव घरी करून घ्या. आणि एडीएचडीची (चंचलपणा, लक्ष न लागणं यावरची) गोळी चालू असेल तर "सुट्टीच आहे, आठवडाभर बंद ठेवू" असं परस्पर ठरवू नका. घरापासून दूर, नव्या जागी, चाकू-कुऱ्हाड शिकायच्या आठवड्यातच ती बंद करणं म्हणजे त्या पोरावर अन्याय आहे. अंथरूण ओलं होत असेल तर तेही बिनधास्त सांगा. गाजावाजा न करता सगळं निभावून नेता येतं, फक्त आम्हाला आधी ठाऊक हवं.

सगळ्यात जास्त रडारड होते ती पहिल्या दिवशीच्या पोहण्याच्या चाचणीला. मुलाने डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोल जागी पाय खाली ठेवून उडी मारायची, ७५ यार्ड दमदार हात मारत पोहायचं, मग २५ यार्ड उताणं, सावकाश, आणि शेवटी पाण्यावर नुसतं तरंगून दाखवायचं. मध्ये कुठे थांबायचं नाही. आपली मुलं वायएमसीएत चार-चार वर्षं क्लास करतात, त्यामुळे आईबाप निर्धास्त असतात. पण तिथे तळ दिसतो, पाणी कोमट असतं आणि प्रत्येक २५ यार्डांवर धरायला भिंत असते. इथे तळं. पाणी चहाच्या रंगाचं, वरचा थर बरा आणि पायाशी बर्फ. उडी मारल्यावर छातीत श्वास अडकतो, पोरगं घाबरतं आणि चार हात मारून धक्क्याची शिडी पकडतं. पोहता येत नाही म्हणून नव्हे, गारठ्याने गडबडून.

चाचणीनंतर प्रत्येकाला एक गोल टॅग मिळतो. दोन्ही भाग रंगवलेले, लाल आणि निळा, म्हणजे पोहणारा. नुसता लाल म्हणजे शिकाऊ. कोरा पांढरा म्हणजे पोहता न येणारा. तो टॅग जोडीदाराच्या टॅगशेजारी फळीवर टांगल्याशिवाय पाण्यात पाय ठेवता येत नाही, आणि शिट्टी झाली की जोडीने हात वर करून मोजणी द्यायची. पांढऱ्या टॅगची शरम वाटण्यासारखं काही नाही. पण ज्याने कॅनोइंग (होडी वल्हवणं) आणि स्विमिंगचे बॅज करायला घेतलेत त्याची आठवड्याची आखणी तिथेच कोलमडते. म्हणून जूनमध्ये दोन-तीनदा एखाद्या तळ्यावर न्या, लाइफगार्ड असलेल्या. क्लासची आणखी एक टर्म भरण्यापेक्षा ते उपयोगी आहे. चाचणी पुन्हा देता येते, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा.

घरची आठवण हा खरा विषय, आणि त्यात आपण मराठी आईबाप जरा कच्चे आहोत. "तुला नाही आवडलं तर फोन कर बाळा, बाबा लगेच घ्यायला येतील." हे वाक्य कृपा करून बोलू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००७ सालीच यावर डॉक्टरांसाठी एक अहवाल काढला, त्यातही हा सौदा करू नका असंच सांगितलंय. मुलाला त्यातून ऐकू येतं ते असं: तुला जमणार नाही, अशी घरच्यांना खात्री आहे. मग पहिल्या संध्याकाळी, जेवण झाल्यावर, काही काम नसताना, आभाळ तांबूस झालेलं असताना पोटात गोळा येतो आणि ते वाक्य आठवतं. दिवसा कोणी रडत नाही, दिवसा बाण मारायचे असतात.

"आठवण येईल, सगळ्यांनाच येते, आली तर जोडीदाराला किंवा लीडरला सांग," एवढं पुरे. त्याआधी मे-जूनमध्ये मामाकडे, मित्राकडे दोन रात्री राहू द्या, आणि तिथे फोन न करता. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल हा या घरांतला रोजचा नैवेद्य असतो, तो आठ दिवस चुकणार हे पुण्याला आणि नाशिकला आधी कळवा. नाहीतर बुधवारी मला व्हॉट्सअ‍ॅप येतं, "आईंचा जीव टांगणीला लागलाय, एकदा आवाज ऐकव ना." आवाज ऐकवला की बरा चाललेला मुलगा तासभर रडतो आणि त्या दिवशीची संध्याकाळ बुडते. आम्ही फोन केला नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घ्यायचा.

पत्रं मात्र द्या. पोस्टाने पाठवली तर मूल घरी आल्यावर पोचतील, म्हणून आधीच लिहून, पाकिटावर वार घालून आमच्याकडे द्या. पत्रात "तुझ्याशिवाय घर खायला उठतंय" नको. गॅरेजच्या दारात चिमणीने घरटं केलं, बाबांनी पोहे करपवले, शेजारच्यांच्या कुत्र्याने पुन्हा कुंडी पाडली, असलं लिहा. एका आजोबांनी गेल्या वर्षी नातवाला रोज एक कोडं पाठवलं होतं, उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात. त्या पोराच्या तंबूपाशी संध्याकाळी गर्दी जमायची.

बॅजचं काय? इथे मी थोडी खडूस होणार आहे. ईगल या स्काउटिंगमधल्या सर्वोच्च दर्जासाठी २१ मेरिट बॅज (एकेका विषयातल्या कौशल्याचे बिल्ले) लागतात आणि अठरावा वाढदिवस ही मुदत असते, हे आपल्या पालकांना मुलाच्या जन्मतारखेसारखं पाठ असतं. मग पहिल्याच कँपला एक्सेल शीट येतं: सकाळी नऊला फर्स्ट एड, दहाला एन्व्हायर्नमेंटल सायन्स, अकराला सिटिझनशिप. सहावी संपवून आलेल्या मुलाला जंगलात आणून कोणी वर्कशीट भरायला बसवतं का! पहिल्या वर्षी नव्या मुलांचा वर्ग असतो, गाठी, होकायंत्र, चाकू धरायची रीत शिकवणारा. तो घ्या. सोबत पोहणं आणि एखादं हातकाम, चामड्याचं किंवा टोपली विणायचं. बॅज अर्धवट राहिला तर तो अठरापर्यंत कधीही पुरा करता येतो. दुपारी एक तास मोकळा ठेवा. त्या तासात ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे कँपच्या दुकानापाशी, बर्फाचा गोळा खात, दुसऱ्या गावच्या पोरांशी पत्ते खेळत जे होतं ते कॉलेजच्या अर्जात लिहिता येत नाही, पण मुलं पुढच्या वर्षी त्याच्यासाठीच परत येतात.

एक प्रश्न आपले लोक भिडेखातर विचारत नाहीत, तो विचारा. माझं मूल तिथे सुरक्षित आहे का? या संघटनेचा इतिहास उजळ नाही. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, ८२ हजारांहून जास्त दावे दाखल झाले आणि २४६ कोटी डॉलरची भरपाई योजना ठरली. त्यामुळे आज नियम कडक आहेत: कुठल्याही वेळी किमान दोन नोंदणीकृत प्रौढ, वय २१ किंवा त्याहून जास्त, कोणत्याही मोठ्या माणसाने मुलासोबत एकांतात राहायचं नाही, मुलांचे आणि मोठ्यांचे तंबू वेगळे. मुलाच्या स्काउट हँडबुकमध्ये पालकांसाठी पुस्तिका आहे, ती मुलाला शेजारी बसवून वाचा. "शरीराबद्दल कुणी गुपित ठेवायला सांगितलं तर ते पहिलं मला सांगायचं," हे मराठीत, घरच्या भाषेत बोला. लाजून गप्प राहणं परवडणारं नाही. आणि माझ्यासकट कोणत्याही लीडरला नियमांबद्दल विचारा. ज्याला राग येईल त्याच्याबद्दल कमिटीकडे चौकशी करा.

संडासाचंही बोलून घ्या, हसू नका. घरी पाण्याची सवय असलेली मुलं कँपचं लॅट्रिन बघून तीन-तीन दिवस जात नाहीत, पाणीही कमी पितात आणि बुधवारी पोट धरून हेल्थ लॉजमध्ये, म्हणजे कँपच्या दवाखान्यात, येतात. ओल्या वाइप्सचं पाकीट द्या, आणि ते आत टाकायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे, हे सांगा.

गोचीड रोज तपासायची: काखेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. लाइम रोग पसरायला ती साधारण चोवीस तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते, म्हणून रात्रीची तपासणी पुरते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, काडी पेटवून चटका देण्याचे गावठी उपाय नकोत. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक घरीच मारून वाळवा, ते अंगाला लावायचं नसतं. शनिवारी मूल परत आलं की कपडे आधी ड्रायरमध्ये कडक तापमानावर फिरवा, मग धुवा. बॅग घरात घेऊ नका, वासानेच कळेल का ते.

शेवटची गोष्ट थेट तुमच्याबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत स्काउट-गाइड केलंय. स्कार्फ, वोगल, 'खरी कमाई', शाळेच्या मैदानात तंबू. तिथे सगळं शिक्षक बघायचे. इथे शिक्षक नाहीत. ट्रूप एखाद्या चर्चच्या किंवा क्लबच्या छत्राखाली असतो आणि चालवतात पालक. कँपला दोन मोठी माणसं नसतील तर ट्रूप जाऊच शकत नाही, आणि ती दोन माणसं स्वतःची रजा टाकून येतात. दिवाळी कार्यक्रमाच्या तालमींना आपण तीन महिने शनिवार देतो. समर कँपला मात्र आपली मुलं निम्मी आणि मोठी माणसं शून्य, हे मला दर वर्षी ट्रूप कमिटीत मान खाली घालून ऐकावं लागतं.

पूर्ण आठवडा जमत नसेल तर तीन रात्री या, उरलेल्या दुसऱ्या पालकाला द्या. पण आयत्या वेळी येता येत नाही: रात्री मुक्काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंदणी, पार्श्वभूमी तपासणी आणि ऑनलाइन ट्रेनिंग आधी झालेलं हवं. इनबॉक्स करा, लिंक पाठवते. आणि पूर्ण आठवडा येणार असाल तर भाग सी मोठ्यांनाही लागतो, तेव्हा मुलाची अपॉइंटमेंट घेताना स्वतःचीही घ्या. बीपीच्या गोळ्या मूळ बाटलीतच आणा, झिपलॉकमध्ये नकोत.