पानं जाळू नका, मला द्या

मंडळी, जानेवारी संपत आला की पुण्यात कुठल्याही गल्लीच्या टोकाला सकाळी एक ढीग धुमसत असतो. पिंपळ, शिरीष, बदाम, जे झाड जवळ असेल त्याची पानं. झाडणाऱ्या मावशींवर माझा राग नाही. "रोज पोतंभर निघतात, ठेवू कुठे?" हा त्यांचा सवाल रास्त आहे. राग आहे तो वरच्या मजल्यांवरच्या लोकांवर. खाली पानं जळत असतात आणि हे घरच्या खतासाठी ऑनलाइन कोकोपीटच्या विटा मागवतात! दारातला माल पेटवायचा आणि दक्षिणेतून ट्रकने आलेला काथ्याचा भुसा पैसे मोजून आणायचा. धन्य आहे.

घरी खत करायचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: "केलं होतं हो, पण वास सुटला." वास सुटणारच. बादलीत नुसती भाजीची देठं, चहाचा चोथा आणि कलिंगडाच्या साली टाकल्या, तर त्यात पाणी आणि नत्र भरपूर, कार्बन मात्र नावाला. जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो, आणि तो सुक्या पानांत असतो. शिवाय पानांमुळे थरांत हवा खेळती राहते. हवा नसली की सडतं, असली की कुजतं. सगळी गोम इथेच आहे.

म्हणून माझ्या मते खतातली मुख्य वस्तू सुकी पानं. ओला कचरा काय, घरात रोज निघतोच. एक डबा ओला टाकला की वर दीड-दोन डबे चुरलेली पानं. बादलीला तळाशी आणि बाजूने भोकं, विरजण म्हणून थोडं आंबट ताक किंवा जुनं खत, आणि आठवड्यातून दोनदा वर-खाली करणं. मूठभर घेऊन दाबा: हात ओलसर व्हावा, पण पाणी ठिबकू नये. ठिबकलं तर अजून पानं. नाक मुरडायला लावणारा अमोनियाचा दर्प आला, तरी अजून पानं. उत्तर बहुतेक वेळा तेच! पावसाळ्यात पांढुरक्या, जाड अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो. त्या सहसा काळ्या सैनिक माशीच्या असतात. चावत नाहीत, उलट कचरा फस्त करतात. (हे सासूबाईंना पटवणं मात्र खतापेक्षा अवघड.)

पानापानांतही फरक असतो. रेन ट्रीची आणि गुलमोहराची बारीक पानं पटकन विरघळतात. आंबा, फणस, रबर यांची चिवट. पोत्यात भरून वर चार पाय दिले तरच कामाची.

पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, विहिरींचं पाणी नासलं, त्यासाठी ते रस्त्यावर उतरले. मुंबईत २०१६ च्या जानेवारीत देवनारचा कचऱ्याचा डोंगर पेटला तो धूर दिवसेंदिवस शहरावर होता. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून दबला की मिथेन होतो, आणि मिथेन पेट घेतो. त्याच २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर कचरा जाळायला मनाई केली. पण आपल्याकडे पान म्हणजे कचरा नाहीच, 'पालापाचोळा'! तो जाळला तर काय बिघडलं?

पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांची गाठ ते पानं हवी असणाऱ्यांशी घालून देतात. इतकी साधी गोष्ट. सोसायटीच्या मिटिंगमध्ये मी हे मांडलं तर एक काका म्हणाले, "पोत्यांनी पार्किंगची शोभा जाईल." धुराने वाढते बहुधा.

तर, सध्या आमच्या जिन्याखाली पोती रचून ठेवली आहेत. कोथरूडच्या आसपास कुणाला हवी असतील तर मेसेज करा. पानं फुकट. पोतं मात्र परत आणून द्यायचं.