ट्रॉली आहे ना!

संगीतसाधना म्हणजे तानपुरा, उदबत्ती आणि पहाटेचा रियाज असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ८८ कीजचा कीबोर्ड, त्याचा एक्स-स्टँड, एक ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, सस्टेन पेडल, ॲडाप्टर, केबलींची पिशवी आणि एक्स्टेन्शन बोर्ड एवढं सगळं घेऊन सदाशिव पेठेतल्या जुन्या लाकडी जिन्यावरनं खाली उतरून दाखवावं. कीबोर्ड सव्वाचार फूट लांब आणि जिन्याचं वळण काटकोनात, त्यामुळे वळणावर तो उभा करून, कठड्याच्या वरनं फिरवून, खालच्या बिऱ्हाडाच्या तुळशीला धक्का न लावता पुन्हा आडवा करावा लागतो. सिझेरियन परवडलं.

लोक विचारतात, ६१ कीजचा का नाही घेत, तो पाचसहा किलोत येतो की. येतो ना. पण मला त्या हलक्या फडफडणाऱ्या पट्ट्या बोटांना आवडत नाहीत, पियानोसारखा जडपणा लागतो, आणि तो जडपणा आणायला आत प्रत्येक पट्टीमागे हातोडीसारखी यंत्रणा बसवलेली असते, म्हणून नुसतं वाद्यच अकरा-बारा किलोपासून सुरू होतं आणि वीसच्याही पुढे जातं. जुनी मराठी गाणी वाजवायला एवढं लागतं का? नाही लागत. पण हा माझा हट्ट आहे आणि तो राहणार. कंबरेने साथ सोडली म्हणून हट्ट सोडायचा नसतो, ट्रॉली घ्यायची असते.

परदेशात म्हणे बँडवाल्यांसाठी खास घडीच्या गाड्या मिळतात, रॉक-एन-रोलर नावाच्या तर फारच प्रसिद्ध आहेत, फ्रेम आत-बाहेर सरकते, हँडल पाडता येतं, एकाच गाडीचे आठ प्रकार होतात. मी त्यांचे व्हिडिओ जेवताना बघायचो. तो माणूस मोठ्या गाडीच्या डिकीतून एका हाताने ट्रॉली काढतो, खटखट दोन झटक्यात उघडतो, ड्रमसेट, ॲम्प, गिटार सगळं रचतो आणि शीळ घालत निघतो. कुठून निघतो तर आरशासारख्या काँक्रीटवरनं. एकाही व्हिडिओत त्याला वाटेत ड्रेनेजचं झाकण लागत नाही, मधोमध झोपलेला कुत्रा लागत नाही, आणि 'जरा बाजूला घ्या' म्हणणारी ॲक्टिव्हा तर नाहीच नाही.

आपली मजल रविवार पेठेतल्या बोहरी आळीपर्यंत. तिथे मिळत नाही अशी वस्तू बहुतेक अजून निघालेली नाही. दुकानदाराने विचारलं, "कशाला पाहिजे साहेब? पाण्याचे जार का सिलिंडर?" मी म्हटलं कीबोर्ड. तो जरा थांबला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अतिशय सहानुभूतीने म्हणाला, "कॉम्प्युटरचा? त्याला ट्रॉली?" मग सव्वाचार फूट हाताने दाखवल्यावर त्याने एक घडीची काढली, खालची फळी पाडली की दोन्ही चाकं आपोआप बाहेर येणारी, वर लाल बटण दाबून ओढायचं हँडल, स्टिकरवर ७० किलो. खरंच ७० का, असं विचारल्यावर त्याने दुकानातल्या पोऱ्यालाच फळीवर उभं केलं आणि त्या गर्दीतनं बोळाच्या टोकापर्यंत फिरवून आणलं. पोऱ्या हँडल धरून इतका निवांत उभा होता की रोजची ड्यूटीच असावी. "गॅरंटी आहे?" "आहे की, सगळ्याची आहे," असं म्हणून बिल फाडता फाडता त्याने पुढचं सांगितलं, "चाक सोडून."

आता चाकाविषयी. माझ्या ट्रॉलीचं चाक चार इंची, म्हणजे त्रिज्या दोन इंच, पाच सेंटीमीटर धरा. शाळेत फिजिक्स शिकवताना आमच्या सरांनी हे सांगितलं असतं तर मी लक्ष दिलं असतं, की समोरचा अडथळा चाकाच्या त्रिज्येएवढा उंच झाला की तुम्ही नुसतं आडवं कितीही ओढा, चाक चढूच शकत नाही, उचलावंच लागतं. आणि फुटपाथची कड? इंडियन रोड्स काँग्रेसचे जे नियम आहेत त्यात ती जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर सांगितलीये, म्हणजे कागदावरचा अगदी आदर्श फुटपाथसुद्धा माझ्या चाकाच्या त्रिज्येला तिप्पट भारी. त्यांचाच स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूच चढून हळूच उतरणारा. आमच्या गल्लीतला उंचीच्या बाबतीत नियमाच्या पुढे आहे आणि रुंदीला माझ्या दोन वीता भरतो, कोणी टाकला कोणालाच माहीत नाही, एका सकाळी होता. थोडक्यात काय, तर गाडी घेतली ओढायला आणि दर पन्नास पावलांवर मी कीबोर्ड, ॲम्प, स्टँड आणि शिवाय चारपाच किलोची ती ट्रॉली असं सगळं एकत्र उचलतोय. पूर्वी ट्रॉलीचं वजन नव्हतं.

बांधणं हे वेगळंच शास्त्र आहे. जड सगळं खाली आणि चाकांच्या रेषेजवळ, म्हणजे ॲम्प तळाला, कीबोर्ड उभा मागे टेकवून, पट्ट्या हँडलच्या बाजूला, मध्ये जुनी सतरंजी, नाहीतर त्या खडखडाटाने आतले जॅक आणि स्क्रू ढिले होतात आणि ऐन अंतऱ्यात उजवा स्पीकर गप्प बसतो. मग वरनं हुकवाली इलॅस्टिकची दोरी. ती दोरी ताणून शेवटचा हुक अडकवताना तोंड नेहमी बाजूला ठेवायचं. हे मला कोणी सांगितलं नाही, माझ्या चष्म्याच्या दुकानदाराने सांगितलं, आणि तेही नंतर.

रिक्षात तर गंमतच. कीबोर्ड आडवा मावत नाही म्हणून तिरका, त्याचं एक टोक माझ्या पायाशी आणि दुसरं रिक्षावाल्याच्या डाव्या कानापाशी, ॲम्प सीटवर माणसासारखा टेकून बसलेला, स्टँड मागच्या फटीत. राहिली ट्रॉली. ती घडी होऊन माझ्या मांडीवर. माल वाहायला घेतलेल्या गाडीला मांडीवर घेऊन मी बाणेरपर्यंत जातो. डेक्कनला सिग्नलवर शेजारच्या बाईकवाल्याने विचारलं होतं, "दादा, व्हीलचेअर का?" मी हो म्हटलं. हिरवा पडायला सात सेकंद होती, तेवढ्यात काय समजावणार.

आणि दिवाळी पहाट! मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून रिक्षा नको म्हटलं. साउंडचेक साडेचारला, म्हणजे चार वाजता मी पेठेतनं पेव्हर ब्लॉकवरनं ट्रॉली ओढतोय. दिवसा त्या चाकांचा आवाज येतच नाही हो, पहाटे चारला मात्र मशीनगन. एकेका गॅलरीत दिवे लागायला लागले. मी हळू ओढलं तर खड-खड-खड, जोरात ओढलं तर खडडडड, शेवटी मध्यलयीत ठेवलं. एका पहिल्या मजल्यावरनं काका वाकून म्हणाले, "काय हो गॅसवाले, दिवाळीला सुद्धा?"

"काका, गॅस नाही, दिवाळी पहाट आहे, कीबोर्ड आहे."

"मग पहाटे या की. ही रात्र आहे."

यावर उत्तर नसतं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, पण ट्रॉलीच्या चाकांबद्दल मी शोधलं, वेगळं काही लिहिलेलं नाहीये. तेच काका नंतर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, मफलर, हातात पास. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी गाठलंच त्यांनी मला. म्हणाले, "ट्रॉलीपेक्षा बरं वाजवता." पेठेत याहून मोठी दाद मिळत नाही, मी मनापासून आभार मानले.

मोठ्या सोसायट्यांचं दुखणं वेगळं. कोजागिरीचा कार्यक्रम, नवीन टॉवर, गेटवर सिक्युरिटी. आमच्या गायिकेला वाकून नमस्कार, पुढच्या लॉबीतनं आत, कोणीतरी गुलाबाचं फूल पण दिलं. मी दोन पावलं मागे, ट्रॉलीसकट.

"डिलिव्हरी मागच्या गेटनं."

"दादा मी कलाकार आहे."

त्याने मोबाईलमधल्या ॲपमध्ये बघितलं. त्यात पाहुणे, कॅब, डिलिव्हरी, कामवाली आणि दुरुस्ती एवढेच पर्याय होते. बराच वेळ विचार करून त्याने मला दुरुस्तीत घातलं आणि मागे पाठवलं. मागे म्हणजे बेसमेंट पार्किंग. आणि खरं सांगतो, तिथली ती हिरवी गुळगुळीत फरशी, एक खड्डा नाही, एक झाकण नाही, ट्रॉली नुसत्या एका बोटाने चालायला लागली, आवाज नाही काही नाही. सर्व्हिस लिफ्ट समोर दिसत होती तरी मी खांबांना वळसे घालत पूर्ण एक चक्कर मारली. सीसीटीव्हीत असेल.

पण हे सगळं, म्हणजे रस्ते, काका, सिक्युरिटी, हे एकवेळ परवडतं. खरा प्रश्न ट्रॉली घेतल्यावर ग्रुपमध्ये सुरू झाला.

पहिला ऑक्टोपॅडवाला, म्हणजे काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा. पार्किंगमध्ये भेटला, म्हणाला वा, मस्त घेतलीस की, आणि बोलता बोलता त्याचा स्टँड माझ्या ॲम्पवर. काही बोललो नाही, आपला मित्र. मग गायिका. तिची साडीची बॅग, तिचा ज्येष्ठमधाच्या पाण्याचा थर्मास, आणि टॅब ठेवायचा स्टँड, कारण वही आता कोणी वापरत नाही. बासरीवाला, ज्याच्या सगळ्या बासऱ्या मिळून एका खांद्यावर मावतात, तो सुद्धा "ठेवू का रे जरा" म्हणून हेल्मेट अडकवून गेला. आणि निवेदक. पुण्यात निवेदकाशिवाय कार्यक्रम होत नाही, दोन गाण्यांच्या मध्ये तो गाण्यापेक्षा जास्त वेळ घेतो, पण सामान म्हणाल तर एक प्लॅस्टिकची फाईल. ती फाईल त्याने अलगद सगळ्यात वर ठेवली आणि एकदोन पावलं गेल्यावर वळून कोट पण काढून ठेवला. उकडत होतं म्हणे.

तबलजींचं मात्र बघण्यासारखं असतं. वयाने मोठे आहेत, त्यांना आम्ही सगळे अहो-जाहो करतो. ते स्वतः वाकून जागा तपासतात, फळी दाबून बघतात, माझी सतरंजी नीट करतात, मग तबल्याची बॅग ठेवतात, आणि तिच्यावर काही नको, शेजारी स्टँड टोचायला नको, उन्हाची बाजू नको, "शाईला तडा गेला तर मिळणाऱ्या पाकिटात नवी पुडी येत नाही हो". (पुडी म्हणजे तबल्याचं वरचं कातडं, शाई म्हणजे त्यावरचा काळा गोल.) मग निघाल्यावर ते ट्रॉलीच्या बरोबरीने चालतात, एक हात बॅगेवर. ढकलत नाहीत. नुसता हात. खड्डा आला की "सांभाळून, सांभाळून" म्हणतात आणि सांभाळायचं मी. लांबनं बघणाऱ्याला वाटावं की म्हातारे गृहस्थ पालखीला हात लावून चाललेत आणि भोई एकच.

जाताना ही तऱ्हा, येताना त्याहून पुढची. दहाला स्पीकर बंद, मग मसाला दूध, मग सेल्फी, आणि मी केबली गुंडाळून मान वर करतो तर ग्रुप गायब. सामान जागेवर. "तू घेऊनच जा, उद्या नेतो" हे वाक्य फोनवर येतं, तेही गाडी सुरू झाल्याच्या आवाजासकट. उद्या कोणी येत नाही. आमच्या पॅसेजमध्ये आता दोन ऑक्टोपॅडचे स्टँड, एक हेल्मेट, एक डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायची डबी, आणि निवेदकाचा तो कोट आहे. बायकोने परवा तो कोट ड्रायक्लीनला टाकला. म्हणाली, "असू दे, इथेच राहतोय तर स्वच्छ राहू दे. भाडं कधी देतोय विचार."

गेल्या महिन्यात ग्रुपवर नवीन कार्यक्रमाचा मेसेज आला. नारायण पेठ, जुनी बिल्डिंग, तिसऱ्या मजल्याची गच्ची, लिफ्ट नाही. मी लिहिलं की सामान वर कसं न्यायचं ते आधी ठरवू. पाच मिनिटं शांतता. मग निवेदकाचं उत्तर, "ट्रॉली आहे ना!" त्याला सगळ्यांचे अंगठे. बासरीवाल्याने हृदय टाकलं.

म्हणून परत बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने ओळखलं, "या कॉम्प्युटरवाले." त्याच्याकडे जिना चढणारी आलीये, दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांचं त्रिकूट, पायरी आली की अख्खं त्रिकूट फिरतं आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर टेकतं, मग ओढत राहायचं, उचलायचं नाही. या वेळी पोऱ्याला दुकानाच्या पायऱ्यांवरनं वर नेऊन दाखवलं. मी घेतली. आमच्या जिन्यावर रात्री साडेअकराला, खालच्यांचा दिवा गेल्यावर, ॲम्प बांधून ट्रायल पण घेतली, वळणावर जरा रुसते पण चढते.

ग्रुपवर सांगितलेलं नाहीये. तिथे एवढंच टाकलंय की जुन्या ट्रॉलीचं चाक निखळलं, आता ज्याने त्याने आपापलं आणा. तबलजींचा लगेच फोन आला, चाकाची चौकशी केली, फार हळहळले, आणि मग म्हणाले, "बोहरी आळीत जिना चढणारी आलीये म्हणतात, बघून ठेवा तुम्ही."