‘इंजिन बदला, सस्पेंशन बदला, झाली नवी गाडी’ : एका लोकप्रिय दाव्याची उलटतपासणी

जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकांविषयी एक दावा सध्या फार फिरतो आहे. तो थोडक्यात असा : १९४० ते १९७० च्या दशकांतला कोणताही पिकअप घ्यावा, त्याचे मूळ इंजिन काढून जनरल मोटर्सच्या अलीकडच्या ट्रकमधले ‘एलएस’ घराण्यातले इंजिन गिअरबॉक्ससकट बसवावे, पुढचा सरळ एक्सल काढून तेथे ‘मस्टँग टू’ पद्धतीचे स्वतंत्र सस्पेंशन जोडावे, सर्व भाग तयार मिळतात आणि बोल्टने बसतात, काम चार-सहा शनिवार-रविवारांत उरकते, आणि हाती येणारी गाडी नव्यासारखी चालते, नव्याइतकी सुरक्षित असते, इंधन कमी पिते आणि वाटेल तेव्हा मूळ रूपात परत नेता येते. असा बदल करूच नये, असे मला म्हणायचे नाही. नीट केलेला बदल जुन्या ट्रकला रोजच्या वापरात परत आणू शकतो. माझा आक्षेप ‘झाली’ या शब्दाला आहे. जुन्या ट्रकमधला प्रत्येक भाग शेजारच्या भागाची ताकद आणि मर्यादा गृहीत धरून बनवलेला असतो. त्यातला एक बदलला की शेजारच्याची पाळी येते, आणि ही साखळी कोठे थांबते हे दावा करणारे सांगत नाहीत.

‘सर्व काही बोल्टने बसते’ हा पहिला मुद्दा, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. १९६७ ते १९७२ या काळातल्या शेव्हरोले सी-१० मध्ये इंजिनासाठी पुरेशी जागा आहे, पुढचे स्वतंत्र सस्पेंशन मुळातच आहे, आणि नवे इंजिन जुन्या माउंटवर बसवण्यासाठी तयार प्लेट मिळतात. या एका मालिकेच्या अनुभवावरून सगळ्या पिकअपांचा नियम केला गेला आहे, अशी मला शंका येते. कारण तोच प्रयोग १९४७ ते १९५४ मधल्या अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेवर करून पाहावा. त्या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या एक्सलपर्यंत नेणारा दांडा) उघडा नसून एका बंद नळीतून जातो. ती नळी गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी जोडलेली असते आणि मागच्या एक्सलची पिळवटही तीच पेलते. नव्या गिअरबॉक्सला ही नळी जोडण्याची सोय नाही. म्हणजे इंजिन बदलायचे ठरवताच मागचा सबंध एक्सल बदलावा लागतो. नवा एक्सल बसवताना मागच्या पाट्यांवरच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवरच्या) त्याच्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि शाफ्टचे कोन जुळवावे लागतात, कारण गिअरबॉक्सचे मागचे टोक आणि डिफरन्शियलचे तोंड जवळपास समांतर नसले तर शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (वळते सांधे) लवकर झिजतात आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. नव्या एक्सलच्या चाकाला बहुधा पाच बोल्ट, पुढच्या जुन्या चाकाला सहा. तेव्हा पुढची हबही गेली. विजेची व्यवस्था ६ व्होल्टची, इंजिन १२ व्होल्टचे. तेव्हा दिवे, वायपर, मीटर सगळे पाहावे लागते. यात बोल्टने बसलेली वस्तू कोणती, हे शोधावे लागेल.

वेळेचा हिशेबही येथेच चुकतो. इंजिन साखळीला टांगून चासीत उतरवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि छायाचित्र काढण्याजोगे क्षणही तेच असतात. महिने जातात ते ट्रकच्या खोल तेलपात्राला चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या क्रॉसमेंबरपासून वाचवण्यात, एक्झॉस्टची नळी आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यात बोटभर जागा काढण्यात, आणि रेडिएटरच्या होजपाइपाला चिमटा न बसेल असे वळण शोधण्यात.

दुसरा मुद्दा इंजिनाचा. ‘आधुनिक इंजिन भरवशाचे असते, म्हणून गाडी भरवशाची होते’ असे सांगितले जाते. इंजिन भरवशाचे असते हे मान्य. १९९९ मध्ये ट्रकमध्ये आलेल्या ५.३ लिटरच्या इंजिनाचा लोखंडी ब्लॉक टिकाऊ म्हणून नावाजलेला आहे, आणि त्याची सुरुवातीची २७० अश्वशक्ती १९४७ च्या शेव्हरोलेमधल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाच्या ९० अश्वशक्तीच्या तिप्पट भरते. परंतु मूळ गाडीत त्याचा भरवसा एकट्या इंजिनाचा नव्हता. इंधनाची टाकी, पंप, सेन्सर, वायरिंग आणि संगणक यांनी मिळून तो निर्माण केला होता, आणि नेमक्या याच गोष्टी नव्या घरात हाताने उभ्या कराव्या लागतात.

इंधनाचेच पाहा. कार्ब्युरेटरला साधारण ५-६ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब पुरतो. या इंजिनाच्या इंजेक्टरांना सुमारे ५८ पीएसआय लागतो. जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप या दाबाखाली कधी सुटेल ते सांगता येत नाही. सी-१० मध्ये तर टाकी चालकाच्या आसनामागे, केबिनच्या आत आहे. तेथे दाबाच्या पाइपाचा सांधा गळू लागला, तर त्याचा वास सर्वांत आधी चालकाला येतो आणि पुढची ठिणगीही त्याच्याच पाठीशी पडते. दुसरी अडचण कमी भयंकर पण अधिक छळणारी आहे. कार्ब्युरेटरच्या पोटात थोडे इंधन साठलेले असते, त्यामुळे वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले आणि पंपाने क्षणभर हवा ओढली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. इंजेक्शनच्या पद्धतीत असा साठा नसतो. जुन्या टाकीत आडपडदे नसतात, आणि मग टाकी पाव भरलेली असताना लांब वळणावर इंजिन गचके देते. मालक सेन्सर बदलतो, वायरिंग तपासतो, संगणकाचे प्रोग्रॅमिंग पुन्हा करून घेतो. दोष असतो टाकीच्या पोटात.

वायरिंगविषयी एवढेच की, मूळ गाडीच्या चोरीविरोधी कुलपाची आज्ञा संगणकातून काढल्याशिवाय हे इंजिन बहुधा चालू राहत नाही. स्वयंचलित गिअरबॉक्सही त्याच संगणकाच्या हुकमतीत असतो. आणि इंजिन, चासी व केबिन यांना जोडणाऱ्या जाड अर्थिंगच्या तारा विसरल्या तर अर्धे सेन्सर खोटे बोलतात. गंजलेल्या, रंग फासलेल्या चासीवर बोल्ट आवळला म्हणजे अर्थिंग झाले, असे समजणारे अनेक आहेत.

आता सस्पेंशन, आणि येथे मला अधिक वेळ घ्यायचा आहे, कारण सर्वांत धोकादायक विधाने याच बाबतीत होतात. ‘सरळ एक्सल आणि पाटे ही बैलगाडीची विद्या आहे, स्वतंत्र सस्पेंशन जोडले की गाडी रुळावर चालल्यासारखी चालते’ हा तिसरा मुद्दा. सरळ एक्सलचे दोष खरे आहेत : एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते, आणि स्प्रिंगखालचे वजन बरेच असते. पण जुना पिकअप रस्त्यावर भटकतो त्याची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात. झिजलेले किंगपिन (ज्या खिळीभोवती पुढचे चाक वळते ती), सुकलेले बुश, गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे, अर्ध्या टनाच्या मालासाठी बांधलेल्या पण कायम रिकाम्या चालणाऱ्या मागच्या कमानी, आणि जुन्या बांधणीचे बायस टायर. किंगपिन नवे, पाटे मोकळे करून मधला एखादा कमी केलेले, शॉकअप बरे, टायर रेडियल, आणि एक्सलखाली पाचरी देऊन कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, थोडा वाढवलेला, इतके केल्यावर तोच ट्रक पुष्कळ शहाण्यासारखा वागतो. हे करून पाहण्याआधी कापणीची करवत हाती घेणारा माणूस झिजलेल्या भागांची शिक्षा रचनेला देत असतो.

आणि बदललेले सस्पेंशन आपोआप चांगले असते का? ‘मस्टँग टू’ हे नाव १९७४ ते १९७८ या काळात फोर्डने विकलेल्या एका छोट्या मोटारीवरून आले. आज त्या नावाखाली मिळणाऱ्या संचातले बहुतेक भाग नव्याने बनवलेले व अधिक भक्कम असतात, परंतु मांडणी त्याच हलक्या गाडीची आहे. तिच्यावर लोखंडी ब्लॉकचे इंजिन आणि ट्रकचे केबिन लादताना चाकाला चासीशी जोडणारे कोणत्या जाडीचे आर्म आणि कोणत्या ताकदीची स्प्रिंग, हा प्रश्न विचारावाच लागतो. याहून मोठा प्रश्न क्रॉसमेंबर चासीवर कोठे आणि कोणत्या कोनात वेल्ड होतो हा आहे. समजा, चासी पाणसळीने सपाट ठेवून क्रॉसमेंबर जोडला आणि नंतर शोभेसाठी गाडीचे नाक दोन अंशांनी खाली ठेवले. संचाच्या कागदावर लिहिलेल्या कॅस्टरमधले तेच दोन अंश तेथल्या तेथे वजा झाले, आणि महामार्गावर स्टिअरिंग सरळ धरून ठेवण्याचे काम चालकाच्या मनगटांवर आले.

याच जागी ‘बम्प स्टिअर’ नावाचा दोष जन्माला येतो. चाक वर-खाली होताना वरचा व खालचा आर्म आपापल्या कंसात फिरतात आणि चाक वळवणारा टाय रॉडही स्वतःच्या कंसात फिरतो. हे कंस जुळत नसतील तर चालकाने स्टिअरिंगचे चक्र न हलवताही चाकाचे तोंड आत-बाहेर वळते. इंजिनाच्या तेलपात्राला जागा करून देण्यासाठी स्टिअरिंगची रॅक (टाय रॉड ढकलणारी दातेरी पट्टी) दोन सेंटिमीटर खाली घेतली, की हा दोष हाताने पेरला असे समजावे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येतो, आणि त्याला महागडे उपकरण लागत नाही. स्प्रिंग काढावी, चक्र बांधून ठेवावे, हबला एक सरळ फळी बोल्टने घट्ट करावी आणि तिच्यासमोर जमिनीवर दुसरी फळी उभी करावी. खालच्या आर्मखाली जॅक लावून चाकाची जागा एकेक सेंटिमीटरने, पाच खाली ते पाच वर, हलवत न्यावी आणि दर पायरीला फळीच्या पुढच्या व मागच्या टोकाचे अंतर लिहून काढावे. दोन्ही अंतरांमधला फरक सर्व पायऱ्यांवर जवळजवळ सारखा राहिला तर काम जमले. तो फरक पायरीगणिक मिलिमीटर-मिलिमीटरने सरकू लागला, तर ती गाडी ताशी १०० किलोमीटरला एका उंचवट्यावर काय करील, हे त्या कागदावर आधीच लिहिलेले आहे. दावा पसरवणाऱ्यांपैकी किती जणांनी ही फळी लावली असेल, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

चासीचा विचार यातच येतो. जुन्या पिकअपची चासी ‘सी’ आकाराच्या उघड्या गर्डरांची, रिव्हेट मारलेली आणि मुद्दाम थोडी पिळणारी असते. नवे सस्पेंशन तिच्या एका बिंदूवर जोर देते, म्हणून तेथे गर्डरची उघडी बाजू पत्रा जोडून बंद करतात. हा पत्रा जेथे एकदम संपतो तेथे कडक भाग आणि लवचीक भाग यांची सीमा तयार होते आणि तडा तेथूनच जातो. पत्र्याचे टोक निमुळते करावे, उभी वेल्डिंग टाळावी, थोडे थोडे अंतर सोडून वेल्ड करावे आणि दर वेळी कर्ण मोजावे. हे जाणकारांना माहीत असते. पण शनिवार-रविवारच्या वेळापत्रकात ते नसते.

‘आधुनिक भाग आले, म्हणजे गाडी आधुनिक गाडीइतकी सुरक्षित झाली’ हा चौथा मुद्दा अगदीच तकलादू आहे. धडकेच्या वेळी दुमडून आघात पचवणारा पुढचा भाग, दबणारा स्टिअरिंग कॉलम, एअरबॅग यांतले काहीही इंजिनाबरोबर येत नाही. जुन्या ट्रकचा कॉलम एकसंध दांडा आहे आणि त्याचे टोक चालकाच्या छातीकडे असते. सीटबेल्ट लावायचा तर केबिनच्या पातळ पत्र्याला नुसता बोल्ट पुरत नाही, मागून जाड प्लेट लागते. उलट वेग वाढलेला असतो. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटरने धावणारी तीच गाडी थांबवताना ब्रेकला सव्वादोनपट ऊर्जा गिळावी लागते. शेव्हरोलेच्या पिकअपांना दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर (पायाचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारे नळकांडे) १९६७ मध्ये आणि पुढचे डिस्क ब्रेक प्रमाणित म्हणून १९७१ मध्ये मिळाले. १९६७ पूर्वीच्या गाडीत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून क्रम उलटा हवा : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि चासी, आणि सर्वांत शेवटी इंजिन.

इंधनाच्या बचतीत तथ्य आहे, पण श्रेय चुकीच्या भागाला दिले जाते. मागच्या एक्सलचे गिअर गुणोत्तर ४.११ आणि टायरचा व्यास २८ इंच धरला, तर ताशी ११० किलोमीटरला थेट गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३३७० फेरे फिरते. १९४७ च्या त्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाची कमाल शक्तीच ३३०० फेऱ्यांना येते, म्हणजे ते दम संपल्यानंतरही पळत असते. त्याच गाडीला ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) असलेला गिअरबॉक्स दिला की फेरे २३६० वर येतात. बचत मुख्यतः या आकड्यात आणि इंजेक्शनच्या नेमकेपणात आहे. हवेशी टक्कर घेणारे उभे केबिन आणि उघडा हौदा मात्र तसेच राहतात, आणि तिप्पट शक्ती मिळालेला चालक पूर्वीच्याच वेगाने जाईल हे गृहीतकही माझ्या मते भाबडे आहे.

नियमांविषयी हा दावा गप्प असतो. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियतकालिक तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या पिकअपमध्ये इंजिन बदलायचे असेल तर ते गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची उपकरणेही त्याच्यासोबत यावी लागतात. म्हणजे १९७८ चा ट्रक निवडणाऱ्याने भंगारातून नुसते इंजिन उचलून भागत नाही.

राहिला ‘हवे तेव्हा मूळ रूपात परत’ हा मुद्दा. इंजिन परत ठेवता येते, बोल्टने लावलेल्या प्लेट काढता येतात. रिव्हेट तोडून काढलेला पुढचा क्रॉसमेंबर, गॅस कटरने उडवलेल्या पाट्यांच्या बैठका आणि गर्डरमध्ये वितळून गेलेला पत्रा परत येत नाही. तेथे मूळ रूप म्हणजे त्याच वर्षाची दुसरी, न कापलेली चासी शोधणे.