पाणबुड्या वर आल्या आणि सातवं आरमार पळालं?

विजय दिवसाच्या भाषणासाठी माझ्या आठवीतल्या पुतण्याने व्हॉट्सॲपवरचा मेसेज वहीत जसाच्या तसा उतरवलाय. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ: ‘सर, आपल्याला उशीर झाला. रशियाच्या अणुपाणबुड्या आणि बॅटलशिप्स इथे आधीच पोचल्यात.’ म्हणे डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरातून एका ब्रिटिश ॲडमिरलने अमेरिकेच्या सातव्या आरमाराला हा निरोप धाडला, अमेरिकन घाबरून पळाले, आणि म्हणून आपण युद्ध जिंकलो. दरवर्षी हे फिरतं, मी सोडून देतो. पण पोरगं शाळेत माईकवर हे बोलणार म्हटल्यावर राहवेना.

‘म्हणून जिंकलो’ हे सगळ्यात संतापजनक. जरा तारखा बघा. सातव्या आरमारातल्या ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू जहाजाला आणि सोबतच्या जहाजांना हुकूम सुटला १० डिसेंबरला, ती बंगालच्या उपसागरात शिरली १५ ला. त्याच्या आदल्याच दिवशी आपल्या मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर मारा केला, पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला, आणि तिथले पाकिस्तानी सेनापती नियाझी युद्धबंदीची बोलणी घेऊन अमेरिकन वकिलातीत गेले. १६ ला शरणागती. नद्या ओलांडत ढाक्यापर्यंत गेलेल्या जवानांचं श्रेय पाणबुड्यांना द्यायचं?

आणि पळाले कुठे? तो ताफा जानेवारीपर्यंत हिंदी महासागरातच होता.

त्या निरोपाचा माग काढला की आपण पोचतो रशियन ॲडमिरल क्रुग्ल्याकोव यांच्या कितीतरी वर्षांनंतरच्या मुलाखतीपाशी. बॅटलशिप्स तर सोव्हिएत नौदलाकडे उरल्याच नव्हत्या, पन्नाशीच्या दशकातच मोडीत निघाल्या होत्या.

रशियाची मदत झाली, हे मान्य. ९ ऑगस्टचा भारत-रशिया मैत्री करार होता, सुरक्षा परिषदेतले नकाराधिकार होते, व्लादिवोस्तोकहून जहाजंही निघाली होती. पण त्याच रशियाने आपले उपपरराष्ट्रमंत्री कुझ्नेत्सोव यांना दिल्लीला पाठवलं, ते पश्चिम पाकिस्तानात पुढे जाऊ नका हे सांगायला. हे मेसेजमध्ये कसं नसतं?

खरी भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याने २००५ मध्ये छापलेल्या १९७१ च्या कागदपत्रांच्या खंडात आहे. १० डिसेंबरला अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चीनचे संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी हुआंग हुआ यांना भेटून, तुम्ही भारताविरुद्ध हललात तर आम्ही पाठीशी आहोत, असं सुचवून आले. १२ तारखेला चीनचा निरोप येणार म्हटल्यावर त्यांना वाटलं, चीन आता उतरणार. मग रशिया चीनवर चालून गेला तर? अध्यक्ष निक्सनच विचारतात, आपण काय अणुबॉम्ब टाकायला लागायचं का? एका खोलीत, एका चुकीच्या अंदाजावर हे बोलणं चाललं होतं! चीनचा निरोप प्रत्यक्षात युद्धबंदीचा निघाला. वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइनवर निरोप गेले, पश्चिम पाकिस्तान घ्यायचा भारताचा इरादा नाही असं मॉस्कोने कळवलं, आणि इंदिरा गांधींनी १७ डिसेंबरपासून पश्चिमेकडे एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. आग विझली ती अशी.

पुतण्याला म्हटलं, ते लाल वाक्य खोड. त्या जागी १४ डिसेंबरचं ढाका लिही, आणि खाली १७ तारीख.