'लोकल अ‍ॅप टाका' म्हणणाऱ्यांनो, आधी त्या पायऱ्या चढून दाखवा

यापुढे मला कुणी "अगं, कोरियात लोकल मॅप अ‍ॅप टाकायचं, एकदम सोपं असतं" असं सांगितलं ना, तर त्या माणसाला मी सोलच्या इतेवॉन भागातल्या त्या जिन्याखाली नेऊन उभा करणार आहे. रात्री साडेआठला, पावसाची भुरभुर असताना, सोबत सत्तरीची आई देऊन.

काल आईच्या पोटात दिवसभर केळी, दही आणि घरून आणलेले ठेपले एवढंच गेलं होतं. सोलमध्ये शाकाहारी माणसाचे हाल वेगळे सांगायला नकोत, साध्या किमचीतसुद्धा, म्हणजे कोबीच्या लोणच्यातसुद्धा, बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर मासळीचा सॉस असतो. इतेवॉनच्या मोठ्या मशिदीच्या आजूबाजूला भारतीय हॉटेलं आहेत, त्यातलं एक शोधलं. अ‍ॅप म्हणालं नऊ मिनिटं. सरळसोट निळी रेघ. आई म्हणाली, "नऊ मिनिटंच ना? चल की मग, टॅक्सी कशाला."

मोठा रस्ता संपला, गल्ली लागली, गल्लीला चढ लागला आणि चढ संपला तिथे पायऱ्या. दोन घरांच्या फटीतून वर गेलेल्या, मधोमध लोखंडी कठडा, एका पायरीची उंची दुसरीसारखी नाही, आणि दिवा एकच, तोही पार वरच्या टोकाला. रेघ मात्र तशीच निळी आणि तशीच सरळ! पायऱ्यांची खूण आहे म्हणे. ती नकाशा दोन बोटांनी ताणताणून मोठा केल्यावर दिसते आणि तिच्याशेजारची सूचना कोरियन. अ‍ॅप मी इंग्रजीत लावलंय हो! मेनू इंग्रजी, बटणं इंग्रजी, आणि नेमका जिथे माणसाचा पाय मुरगळणार तिथे कोरियन.

आई कठडा धरून एकेक पायरी चढतेय, चार पायऱ्या झाल्या की थांबतेय. "अजून किती गं?" फोनवर तीन मिनिटं. पुन्हा थांबली, पुन्हा तीन मिनिटं. कुणाची तीन मिनिटं ही? म्हातारी माणसं, गरोदर बायका, कडेवर पोर घेतलेली आई, बॅग ओढणारा प्रवासी, यांतलं कुणीच हे अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आलं नाही का?

वर पोहोचलो. फोन थरथरला, पोहोचलात म्हणाला. कुठे? समोर सिमेंटची भिंत, बाजूला कचऱ्याच्या पिशव्या, आणि भिंतीवरून वाकून बघितलं तर दोन मजले खाली त्या हॉटेलची मागची बाजू. जिऱ्याच्या फोडणीचा वास येतोय आणि दार आहे खालच्या रस्त्याला! म्हणजे नुसती इमारतीवर खूण ठोकून दिलीय, दार कुठे आहे ते तुमचं तुम्ही बघा. अर्धं सोल टेकड्यांवर वसलंय. पुढचं दार एका रस्त्यावर आणि मागची भिंत दुसऱ्यावर, मध्ये दोन मजल्यांचा फरक, ही तिथली रोजची गोष्ट आहे. तिथल्याच लोकांनी तिथल्याच शहराचा बनवलेला नकाशा, आणि त्याला एवढं कळू नये? परत त्याच पायऱ्या उतरलो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जिवावर येतं, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना ठाऊक असेल.

आणि लोकल अ‍ॅपच्या नादी लागायची वेळ आपल्यावर का येते, तेही ऐका. जगभर चालणाऱ्या गूगल मॅप्सवर कोरियात बस आणि मेट्रो दिसते, पण पायी जायचा रस्ता वर्षानुवर्षं दिसलाच नाही. का, तर १:५,००० प्रमाणाचा, म्हणजे गल्लीबोळ दाखवणारा बारीक नकाशा सरकार देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाऊ देत नव्हतं. गूगलने २००७ मध्ये मागितला, नाही म्हणाले. २०१६ मध्ये पुन्हा मागितला, पुन्हा नाही. २०२५ मध्ये परत अर्ज. कारण सुरक्षेचं, शेजारी उत्तर कोरिया. १९५३ मध्ये युद्धविराम झाला, शांतता करार अजून नाही, सोलपासून सीमा पन्नासेक किलोमीटरवर, त्यामुळे लष्करी ठिकाणं लपवायची असतात हे मलाही समजतं. पण तोच बारीक नकाशा तिथल्या प्रत्येक माणसाच्या खिशात आहे, तीच अ‍ॅप मीसुद्धा विमानतळावर बसून फुकट उतरवून घेतली. मग इतेवॉनच्या जिन्यात गुपित ते काय राहिलं? वर्षानुवर्षं सरकार हटलं नाही, कंपनी वाकली नाही, आणि दोघांच्या भांडणात गुडघे माझ्या आईचे गेले.

शोधायचं म्हटलं तरी तीच रड. हॉटेलचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं की काही सापडत नाही, तेच हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत चिकटवलं की पहिल्या फटक्यात हजर. रोमन स्पेलिंगचे नियम त्यांनी २००० मध्ये बदलले, पुसानचं बुसान झालं, पण दुकानदार आपापल्या मर्जीने जुनंनवं काहीही लिहितात. पत्त्यांचं तेच. २०१४ पासून रस्त्याच्या नावाचा पत्ता अधिकृत, तरी आमच्या मुक्कामाच्या जागेच्या कार्डावर जुना, जमिनीच्या क्रमांकाचा. शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीकडून सगळी नावं कोरियनमध्ये लिहून घेतली, आता नोंदवहीतून कॉपी करून चिकटवायची. याला सोपं म्हणतात?

त्यात मोबाइल नंबर! ठिकाणं सेव्ह करायला लॉगिन, आणि लॉगिनला माझ्याकडे कोरियन नंबर मागितला. प्रवासी ई-सिम घेतो, त्यावर बहुतेकदा नुसता डेटा असतो, नंबर नसतोच. तुमच्या देशात रीतसर व्हिसा घेऊन आलेल्या माणसाकडे तुमचा नंबर असणार कुठून?

ग्वांगझोऊचा रागही अजून गेलेला नाही, आता निघालाच आहे विषय तर सांगते. चीनमध्ये नकाशातले अक्षांश-रेखांश कायद्यानेच मुद्दाम सरकवलेले असतात, त्यामुळे बाहेरचं अ‍ॅप वापरलं की आपण कित्येकदा काही शे मीटर भलतीकडेच दिसतो. मी फुटपाथवर उभी आणि माझा ठिपका नदीत. तिथेही हाच सल्ला मिळाला होता, लोकल अ‍ॅप टाक. टाकलं. सगळं चिनी.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते त्या "कोरियाला जाण्याआधी ही पाच अ‍ॅप हवीतच" वाल्या व्हिडिओंनी. विशी-पंचविशीतली पोरं, पाठीवर एक पिशवी, धावत मेट्रोच्या एक्झिटमधून बाहेर. सोलच्या गंगनम मेट्रो स्टेशनला बारा एक्झिट आहेत, जमिनीखाली जीपीएस भरकटतं, चुकीच्या एक्झिटने वर आलं की समोर भलामोठा रस्ता आणि पलीकडे जायला पुन्हा खाली. यातलं एक अक्षर कुणी बोलत नाही. माझा भाचाही त्यातलाच. काल रात्री त्याला फोन केला तर म्हणतो, "मावशी, तू सेटिंग नीट बघितलं नसशील." अरे, बघितलं! एकेक पान उघडून बघितलं, निम्मं कोरियन आहे म्हणून तर बोंबलतेय!

परवा बुसानला निघायचंय. तिथे चोर्यांग भागात एका जिन्याचं नावच '१६८ पायऱ्या' आहे, एवढं ते गाव चढाचं. बुसानचा समुद्र बघायचा म्हणून आई दोन वर्षं कोरियन मालिका बघताना त्याचं नाव घेत होती, आणि आज सकाळी म्हणते, "तू जाऊन ये, मी खोलीतच बसते." नाही बसायची ती खोलीत. मी टॅक्सीला पैसे ओतेन, पण तिला नेणार. पायऱ्या टाळून रस्ता देणारं बटण यातल्या कुठल्या अ‍ॅपमध्ये आहे, हे कुणी स्वतः वापरून बघितलं असेल तर कृपा करून आजच सांगा. कुठे दाबायचं तेवढं सांगा, आणि ते इंग्रजीत असेल तरच.